उत्तर त्याच पानावर

४ फेब्रुवारी

आज 'क' माझ्या पदरात पडला. प्रकाशकांच्या कचेरीत चिठ्ठ्या टाकून अक्षरं वाटली. एका अक्षराचं एक पुस्तक, पुस्तकात त्या अक्षरावरून सुरू होणाऱ्या गोष्टींच्या चाळीस गमती, वाचणारी मुलं सात ते दहा वर्षांची. माझ्या शेजारच्या गृहस्थांना 'ढ' आला. "ढग, ढोल, ढेकूण," एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. मग सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिठ्ठी ढापली होती. कासव, कावळा, कांगारू, कोळी, काजवा, कान, काच. माझं तर काम बसल्या जागी झालं.

इतकी वर्षं मी मिक्सर आणि पंख्यांची माहितीपत्रकं लिहिली. 'झाकण घट्ट बसल्याची खात्री करा' हे माझं आजवरचं सर्वांत गाजलेलं वाक्य. गेल्या महिन्यात ती नोकरी सोडली. हे पुस्तक जमलं तर माझं पहिलं पुस्तक, नाही जमलं तर पुन्हा झाकणं.

काकांना सांगितलं. ते भूगोलाचे मास्तर, निवृत्त होईपर्यंत गावोगावच्या शाळांत प्रश्नमंजूषा घेत फिरले. खूश झाले. जेवणाच्या टेबलावरची पितळी घंटी तळहाताने टण् करून वाजवली आणि म्हणाले, "शाब्बास!" आई-बाबा गेल्यावर मी काका-काकूंच्या या घरात आले, तेव्हापासून ही घंटी ऐकते आहे. या घरात शेवटचं बिस्कीट सुद्धा प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय मिळत नसे. नियम एकच होता, काकांचाच: उत्तर माहीत असल्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही.

११ फेब्रुवारी

संपादकबाईंनी पहिल्या दहा गमती परत पाठवल्या. 'कांगारू हा शिशुधान सस्तन प्राणी असून' या वाक्याखाली लाल रेघ आणि शेजारी शेरा: 'मुलं झोपतील. मी झोपले.'

मी फोन केला. म्हटलं, "बाई, यात चुकीचं काय आहे?"

"चुकीचं काहीच नाही, तेच तर! तुमचं कांगारू उडी मारण्याआधी सूचना वाचतंय असं वाटतं."

नाकाला मिरच्या झोंबल्या. फोन ठेवल्यावर सुचलेली उत्तरं इथे लिहीत नाही, वही खराब होईल.

१२ फेब्रुवारी

चित्रकाराने कोळी पाठवला. पाय सहा. मी कळवलं, कोळ्याला आठ पाय असतात, म्हणून तर तो कीटक नव्हे, आणि हीच त्या पानावरची गंमत आहे. त्याचं उत्तर: 'सहा पायांत चित्र मोकळं वाटतं.' हात टेकले.

१५ फेब्रुवारी

दिवसभर कांगारूशी झटापट. काका दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "अगं, तो… पोटात पिशवी. पिल्लू जन्मतं ते घेवड्याच्या दाण्याएवढं. आणि मग पिशवीत चढतं, एकटं. कोण ते?"

"कांगारू. काका, मी कामात आहे हे दिसतंय ना?"

ते गेले. मग माझ्या डोक्यात टण् झालं. हेच तर! नाव सांगायचंच नाही, खुणा सांगायच्या. 'पोटात पिशवी, उडी लांब, जन्मलो तेव्हा होतो घेवड्याच्या दाण्याएवढा. मी कोण?' लिहून बाईंना पाठवलं. तासाभरात उत्तर आलं: 'अशीच चाळीस द्या.'

आनंद झाला, आणि रागही आला. चाळीस कुठून देऊ? हे काय माझं आहे?

१८ फेब्रुवारी

काका रंगात आले आहेत. हल्ली सरळ बोलतच नाहीत, सगळं कोड्यात. सकाळी आंघोळीहून आले आणि म्हणाले, "डोक्यावर उगवतं, कापलं तरी दुखत नाही, त्याला लावायचं ते कुठे आहे?" केस! क वरून. लिहून घेतलं. तेल मात्र त्यांचं त्यांनीच शोधलं.

दुपारी: "पाठीवर घर, घरातून बाहेर येता येत नाही, बरगड्याच चिकटलेल्या." कासव. मी ओरडले, "वा काका, एक नंबर!" त्यांनी घंटी वाजवली नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "कासव. हां. कासव." असं दोनदा, जणू तेच माझ्याकडून शिकत होते. नाटकी आहेत.

२१ फेब्रुवारी

वैताग. सगळीच कोडी कामाची नसतात. सकाळी म्हणाले, "ते दे ना, कान असलेलं, एकच कान, त्यात चहा पितात."

"कप," मी म्हटलं. "पण काका, कपात गंमत काय? मुलांना कप माहीत असतो. काहीतरी शास्त्रीय द्या."

ते तसेच बसून राहिले. अर्ध्या तासाने बघते तर चहा भांड्यातच, गार. म्हटलं, चहा का नाही घेतलात? तर म्हणाले, "तू दिलं नाहीस." मीच द्यायचा का चहा पण? हातात देऊ का, फुंकर घालून?

दुपारी "नाकावर बसतं, कान धरतं" असं म्हणाले. चष्मा. च वरून. तो भाग दुसऱ्या कुणाकडे आहे, मी लक्ष दिलं नाही.

२२ फेब्रुवारी

कोळी पुन्हा आला. पाय सात.

२६ फेब्रुवारी

दादाचा फोन. दादा म्हणजे काकांचा मुलगा, समुद्रापलीकडे राहतो आणि रविवारी फोनवरून काळजी करतो. म्हणाला, "बाबा मला 'अरे बाळा' म्हणाले. जन्मात कधी म्हणाले नाहीत."

"वय झालं, प्रेमळ झाले," मी म्हटलं.

"तुला काय म्हणतात?"

मी विचार केला. मला ते लहानपणापासून 'ठिणगी' म्हणतात; का, ते या वहीची आधीची पानं वाचली तरी कळेल. पण गेले काही दिवस नुसतं "अगं ए" चाललंय. त्या दिवशी मी कपावरून बोलले, त्याचा राग धरला असणार. म्हातारपणी माणूस रुसतो. आपणही रुसावं.

१ मार्च

काका फिरायला जाऊन आले आणि बाहेरूनच हाक मारली, "अगं ए! ती छोटी, दात असलेली, फिरवली की घर उघडतं!"

"किल्ली!" मी आतून ओरडले. फारच छान. 'दात आहेत पण चावत नाही.' लगेच लिहायला बसले. वाक्य जुळता जुळता वेळ गेला. मग आठवलं, काका अजून बाहेरच. दार उघडलं. पायरीवर बसले होते, खिशात हात घालून. किल्ली खिशातच होती. मी म्हटलं, "कमाल करता, किल्ली जवळ असून बाहेर बसलात?"

"मी तुला सांगत होतो," ते म्हणाले.

"आणि मी लिहीत होते! कोडं आवडलं मला."

हसले नाहीत. एरवी कोडं आवडलं म्हटलं की मिशीत हसतात.

५ मार्च

संपादकबाई प्रसन्न. 'तुमच्यात इतका खट्याळपणा असेल असं वाटलं नव्हतं.' नाहीच मुळी. सगळा काकांचा. माझा फक्त कावळा. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो आणि वाईट वागलेल्याला विसरत नाही, हे मी शोधलं, नीट तपासलं आणि चांगलं लिहिलं. बाईंनी नेमकं तेच कापायला सांगितलं, म्हणे लांब आहे. पुस्तकावर नाव माझं येणार आणि आतला जीव दुसऱ्याचा, हे मनाला लागून राहिलंय. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "तू लिही. मला… ते होत नाही." मोठेपणा.

बाईंचं आणखी एक म्हणणं: उत्तरं शेवटच्या पानावर, उलटी छापायची. मुलांनी डोकं खाजवलं पाहिजे. मला पटलं. आमच्या घरात असंच होतं.

९ मार्च

काजवा काकांनी दोनदा सांगितला. त्याचा उजेड जवळजवळ थंड असतो. दुसऱ्यांदा सांगताना पहिल्यांदा सांगितल्यासारखा चेहरा. मी म्हटलं, "सकाळीच सांगितलंत की!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. काकांनी! घंटी उडून खाली पडली. "सांगितलं तर सांगितलं!" म्हणाले आणि खोलीत गेले. मीही मग भांडी जरा जोरातच घासली.

घरात दोन तापट माणसं चालत नाहीत. ती जागा आधीच भरलेली आहे.

१४ मार्च

तीन दिवसांत सगळं द्यायचंय. एक गंमत कमी पडते आहे. कांदा, कान, केळ झाले. (केळीचं झाड हे झाड नाहीच, हे चित्रकाराला पटत नाही. त्याने खोडावर झाडाची साल रंगवली आहे. कोळ्याला मात्र अखेर आठ पाय आले, त्यातला एक मिशीसारखा दिसतो.)

काकांना म्हटलं, एकच द्या, शेवटचं. ते खूप वेळ खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "खिडकीत ती आहे ना, हिरवी. भाजलं की लावतात."

"कोरफड! वा, आली चाळिसावी."

"नाही. ती नव्हे. जिनं लावली ती."

"असलं कोडं नको, काका. वनस्पतीच ठेवू."

"जिनं लावली ती," ते पुन्हा म्हणाले. हट्टच धरला. उद्या बघू.

१५ मार्च

हे लिहायला बसले आहे पण हात चालत नाही. तरी लिहिते. नाही लिहिलं तर उद्या माझ्या सोयीने आठवेल.

दुपारी कोरफडीचं पान पक्कं करत होते. काका आले. पुन्हा तेच: "जिनं लावली ती. पदर खोचायची. माझं ऐकायची नाही. ती कोण?" मी म्हटलं, ऐकलं. पुन्हा विचारलं. म्हटलं, काका, माझं काम आहे. पुन्हा विचारलं, आणि या वेळी माझ्या कागदांवर हात ठेवून. तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "तुम्हीच सांगा ना! उत्तर माहीत असल्याशिवाय विचारायचं नाही, नियम तुमचाच आहे! सांगा!"

ते म्हणाले, "माहीत नाही."

मला वाटलं, चिडवताहेत.

"माहीत नाही, म्हणून तर विचारतोय," ते म्हणाले. "दिसते मला. तोंड दिसतं. शब्द येत नाही. तुला येतात सगळे. म्हणून तुला विचारतो."

"म्हणजे… आधीची? कासव? किल्ली?"

"तू पटकन सांगायचीस," ते म्हणाले. "हुशार आहेस."

मी खुर्चीवर बसून राहिले. कप. चष्मा. दारात किल्ली खिशात ठेवून बसलेला माणूस, आणि मी आत 'दात आहेत पण चावत नाही' म्हणून खूश. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं असतं. गावभर कोडी शोधत फिरले असते तरी चाललं असतं, पण ही कोडी नव्हतीच. माणूस पाणी मागत होता आणि मी टाळ्या वाजवत होते.

ते अजून उभेच होते, उत्तरासाठी.

"काकू," मी म्हटलं.

"तुझी काकू," ते म्हणाले. "माझी कोण?"

"बायको."

"हां." त्यांनी खुर्ची ओढली, बसले. "बायको. बघ, किती सोपं होतं." आणि रडले. मीही रडले. काकू गेल्या तेव्हा आम्ही दोघं एकत्र रडलो नव्हतो, आपापल्या खोलीत रडलो होतो.

१६ मार्च

बाईंना कळवलं, पुस्तकाला आठवडा उशीर होईल. कारण सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, अक्षर दुसऱ्याला द्यावं लागेल. म्हटलं, द्या. 'ढ'वाल्या गृहस्थांना द्या, बिचारे सुखी होतील. फोन आपटला.

दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी म्हटलं होतं तुला." हो, म्हटलं होतंस, बाळा.

२० मार्च

डॉक्टर. तरुण आहेत, आवाज मऊ. त्यांनी काकांपुढे चित्रं ठेवली आणि नावं विचारली. पहिलंच चित्र कात्रीचं. काका म्हणाले, "दोन भोकं, बोटं घालायची, मग ती चावते." डॉक्टर थांबून राहिले. मी म्हटलं, "कात्री." पुढचं घड्याळ. काका म्हणाले, "तीन हात, एकही पाय नाही." मी म्हटलं, "घड्याळ." डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेर बसले. दाराला कान लावून. आत काका एकेक कोडं घालत होते आणि कुणीही उत्तर देत नव्हतं. दार उघडून सगळी ओरडून सांगावीत असं वाटलं. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला इतकी उत्तरं कधी आली नव्हती.

नंतर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते इथे लिहीत नाही. वाढत जाणार, म्हणाले. हळू वाढेल, पण वाढेल. मी विचारलं, मी काय करू? मला वाटलं गोळ्या सांगतील, व्यायाम सांगतील. ते म्हणाले, "शब्द अडला की सांगून टाका. आठवा बघू, आठवा बघू, करू नका. परीक्षा घेऊ नका."

आमच्या घराला हे सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं आहे.

२१ मार्च

प्रयत्न केला. सकाळी काका म्हणाले, "ते दे…" मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कप पुढे केला. तर म्हणाले, "हे नव्हे, वर्तमानपत्र!" पूर्ण शब्द, खणखणीत! मी चिडले, ते चिडले. मग दोघंही हसलो. किती सांगायचं आणि किती थांबायचं, याचं माहितीपत्रक कुणी लिहिलेलं नाही.

२४ मार्च

बाईंचा फोन आला. अक्षर कुणाला दिलेलं नाही. आवाज नरमलेला. दादाने त्यांना फोन करून सगळं सांगितलं, असं नंतर कळलं. एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं.

म्हटलं, पुस्तक देते, पण दोन अटी. एक, नावं दोन. प्रश्न काकांचे आहेत, माझी फक्त उत्तरं. ही अट त्यांनी लगेच मान्य केली.

"आणि उत्तरं शेवटी उलटी छापायची नाहीत. प्रत्येक कोड्याच्या खाली, त्याच पानावर, मोठ्या अक्षरात."

"अहो, मग कोड्यात मजा ती काय राहिली? मुलं विचारच करणार नाहीत!"

"ज्याला विचार करायचाय तो हाताने झाकेल. ज्याला येत नाही त्याने पुस्तक उलटंपालटं का करायचं?"

"हे धंद्याचं बोलणं नव्हे."

"नाहीच आहे. आणि कावळाही परत घालायचा."

मग म्हणाल्या, "किती भांडता हो तुम्ही. कावळा अर्ध्या पानात बसवा." मी फोन ठेवला. काकांनी विचारलं, कोण होतं? मी सांगून टाकलं. लगेच.

२ एप्रिल

काही लिहिण्यासारखं नाही. काकांनी साबण आणि बटर यांत घोटाळा केला. मी ओरडले. मग दिवसभर ओरडल्याचा पश्चात्ताप. तो पुरा होईतो पुन्हा ओरडले. ज्यांना धीर जन्मतः मिळतो त्यांचा मला राग येतो.

१८ मे

पुस्तक आलं. कोळी मुखपृष्ठावर, आठ पाय, मी दोनदा मोजले. चाळिसावं पान कोरफडीचंच आहे. तिथे 'जिनं लावली ती' असं छापावं की काय, हा विचार येऊन गेला; पण ते मुलांसाठी नाही, आमच्यासाठी आहे.

काका टेबलाशी पुस्तक घेऊन बसले. एकेक कोडं मोठ्याने वाचायचे, बोट खाली न्यायचे आणि उत्तर वाचायचे. "कासव!" टण्. "काजवा!" टण्. "किल्ली!" टण्. एकाही उत्तराला अडले नाहीत. मी शेजारी बसून कप भरत होते.

पुस्तक संपलं. मिटून त्यांनी ते नीट बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची आता मला भीती वाटते. मग पुढे झुकले, वर्गात विचारायचे तशा आवाजात.

"पटकन पेटते. ओरडते. मग चहा आणून देते. कोण?"

नियम मोडला होता त्यांनी. उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मी थांबले नाही.

"ठिणगी," मी म्हटलं.

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी तळहात उचलला आणि घंटीवर मारला.

"बरोबर!" म्हणाले, आणि शेवटचं बिस्कीट माझ्यापुढे सरकवलं.